चव्वेचाळीस चुकीची पाकिटं

फोन नाझचा होता, रिझवानच्या धाकट्या बहिणीचा. मी मस्कतच्या रुवी भागातल्या ऑफिसात होतो. "निखिलभाई, भाईजान गेले," एवढंच ती म्हणाली आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" आयुष्यात चुकीच्या वेळी चुकीचं बोलण्याचा मान मी नेहमीच राखला आहे. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं होतं. इब्रीच्या शाळेत तो गणित शिकवायचा. मस्कतहून गाडीनं तीन तास. दर आठवड्याला तो विचारायचा, "निख्या, कधी येतोस?" आणि मी म्हणायचो, "इन्शाल्ला, या शुक्रवारी." आमच्याकडे या शब्दाचे 'हो' आणि 'नाही' असे दोन्ही अर्थ होतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी विचारायचा...

आमची दोस्ती अल् घुब्राच्या शाळेतली, अकरावी-बारावीची. वर्गात सगळे इंग्रजीत बोलायचे, पण गणितावरून भांडण पेटलं की आम्ही दोघं मराठीवर यायचो. तो रत्नागिरीच्या, मी पुण्याच्या. शाळा सुटली की त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर वह्या पसरायच्या. अम्मी एका बाजूला भाजी निवडायच्या आणि आम्ही दुसऱ्या बाजूला डोकं फोडायचो. उदाहरण सुटलं की लोक 'सिद्ध झालं' लिहितात. रिझवान वहीत मोठ्या अक्षरांत 'खलास' लिहायचा. एका उदाहरणाला कधी चार-चार दिवस लागायचे. माझं मात्र अर्ध्या तासात व्हायचं, कारण मी पुस्तकाच्या मागचं उत्तर आधी बघून ठेवायचो आणि मग विचार करतोय असं दाखवत पेन्सिल चावायचो. पेन्सिल चावण्यात माझा हात धरणारा मस्कतमध्ये कुणी नव्हता.

एकदा पत्रांचं उदाहरण आलं. पाच पत्रं, पाच पाकिटं. एकही पत्र आपल्या पाकिटात जाता कामा नये, तर किती प्रकारे घालता येतील? मी नेहमीसारखं मागे बघितलं. चोपन्न. मग त्या चोपन्नपर्यंत जाणारा रस्ता रचला. शेवटी दहा कमी पडत होते, तर 'विशेष शक्यता' म्हणून दहा सरळ मिळवले.

"मना चव्वेचाळीसच मिलतात रे," रिझवान म्हणाला.

"विशेष शक्यता सोडल्यास तू."

"कुठल्या विशेष?"

"अरे, त्या आतून कळाव्या लागतात."

आठ दिवस तो आपली चूक शोधत राहिला. शेवटी अब्बांच्या दुकानातली पाच पाकिटं आणून त्यानं त्यांवर नावं घातली: अब्बा, अम्मी, नाझ, रिझवान, निखिल. त्याच नावांच्या पाच चिठ्ठ्या केल्या आणि एकेक जुळणी टेबलावर मांडून मोजली. अम्मी म्हणाल्या, "या घरात एक मानूस आपल्या जागेवर ठेवू नकोस तू!" चव्वेचाळीसच्या पुढे एकही भरेना. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात सांगितलं की पुस्तकातलं उत्तर चुकीचं छापलंय. रिझवाननं वळून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेरच्या खजुराकडे बघितलं. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "तुझं पुस्तक मना दे, माझं तू घे." त्याचं उघडून बघतो तर उत्तरांची पानंच फाडलेली! फसवलंस म्हणून मी बोंब मारली. माझं पुस्तक परत दे, म्हणून पुढची सहा वर्षं त्याला टोमणे मारले. पण मी उत्तर बघितलं होतं, हे काही त्याला कधी सांगितलं नाही. म्हटलं, भेटलो की सांगू... इन्शाल्ला.

चाळिसाव्या दिवसानंतर नाझ इब्रीची खोली आवरून आली आणि ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "तुमचं आहे, द्यायचं राहिलं होतं." स्वतःच्या पुस्तकातली पानं त्यानं फाडली होती, दुसऱ्याचं म्हणून माझ्यातली फाडली नव्हती. ती तिन्ही बाजूंनी स्टेपलरच्या पिना मारून बंद केली होती. एवढं साधं उदाहरण मला सहा वर्षांनी सुटलं. पुस्तकाच्या पुढच्या पानांत रबर लावलेली ती पाच पाकिटं होती, चिठ्ठ्यांसकट. मी उघडून बघितली. एकही चिठ्ठी आपल्या पाकिटात नव्हती. माझ्या पाकिटात रिझवान होता आणि रिझवानच्या पाकिटात मी.

ती तशीच ठेवली आहेत. पिनाही काढलेल्या नाहीत. परवा शुक्रवारी रुवीतून नवी पाच पाकिटं आणली, तीच नावं घातली आणि खोलीत एकटाच मोजायला बसलो. कुठे न बघता. दुपार गेली, बेचाळीस भरली. पुन्हा पहिल्यापासून मोजली, पुन्हा बेचाळीसच. दोन कुठेतरी राहतायत... कुठली, ते सांगायला टेबलाच्या पलीकडे कुणी नाही. या शुक्रवारी पुन्हा बसणार आहे.