कड्यापलीकडचं ऊन

तेव्हा, सत्तरच्या दशकात, आमचं कारंजा अकोला जिल्ह्यात होतं आणि बाजारातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला नव्हता. मीही नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा मी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. सोबत पत्नी कमल आणि आमच्या शेजारचे अत्तरवाले रहीमभाई. "चाल बाबू, तुले दर्या दाखवतो," म्हणून तेच आम्हाला मुरूडला, त्यांच्या सोयऱ्यांकडे घेऊन निघाले होते.

रेवसला उतरून एसटीनं मुरूड गाठलं. दुसऱ्या दिवशी शिडाची होडी करून जंजिरा आणि आसपासचा किनारा पाहिला. उत्तर कोकणातला हा भाग काळ्या कातळाचा. कडे थेट पाण्यात उतरलेले. लाट फुटली की भेगाभेगांतून पांढरा फेस गळत राही. कमलला मात्र गाडी लागते तशी होडी लागली. दशम्यांचा डबा दिवसभर उघडलाच नाही.

परतलो तर सकाळी जिथे धक्क्याच्या पायऱ्यांशी पाणी होतं, तिथे नुसता चिखल.

"रहीमभाई, समुद्र आटला!"

"अडाण नदी समजला काय बे?" ते हसले.

"ओहोटी हाय, शेट," तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणाला. "पानी येईपर्यंत थांबाया लागंल."

कड्याच्या सावलीत थांबलो. होडी स्थिर झाली तशी कमलला भूक लागली. तिनं डब्याकडे हात नेला, वर पाहिलं आणि हात मागे घेतला. आम्ही जैन, सूर्य बुडाल्यावर जेवत नाही.

"दिवस गेला," ती म्हणाली. "आता सकाळीच."

"कुठी गेला? कड्याच्या मांगं हाय तो," रहीमभाई म्हणाले. "भाऊ, थांबाचंच हाय तं होडी बाहेर घे न. लेक उपाशी हाय माही."

"राहू द्या, कायले लोकायले तरास," मी पुटपुटलो.

तांडेलानं सुकाणू फिरवलं. कडा मागे पडला आणि होडी उन्हानं भरली. सूर्य पाण्यापासून अजून हातभर वर होता.

"खाय बेटी, आरामानं. मी पाह्यून राह्यलो त्याच्याकडे," म्हणत रहीमभाई पाठ करून बसले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "सूनबाईचा नेम मोडला तं नाही?" मी सगळं सांगितलं, फक्त होडी मी वळवायला लावली, असं सांगितलं. रहीमभाई ओट्यावरच बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "हो माय, यानंच."

बाजारात वर्षानुवर्षं ती गोष्ट माझ्या नावानं चालली. रहीमभाई गेले, तरी मी ती दुरुस्त केली नाही. आज करतो आहे.

कमलनं मला चारचौघांत कधी खोटं पाडलं नाही. फक्त रोज संध्याकाळी ताट वाढताना ती खिडकीतून बाहेर पाहते आणि म्हणते, "बसा जेवायले. रहीमभाईचं ऊन हाय अजून."