माशाच्या पिल्लाचं पहिलं हाड

हरिश्चंद्र मास्तर रत्नागिरीच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे. आम्ही शेजारी. एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हट्टी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

त्यांची मुलगी गंगा तीन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. डॉक्टर म्हणाले, हाडं मऊ राहिलीत. उन्हात बसवा, वाट बघा. मास्तरांना नुसती वाट बघणं जमेना. मऊ अंगात हाड येतं कसं, हे डोळ्यांनी बघायचंच, असं त्यांनी मनावर घेतलं. माणसाच्या पोरात ते दिसणार कसं? म्हणून १९३१च्या पावसाळ्यात ते गुडघाभर पाण्यात उतरले. चढणीचे मासे ओढ्यातून भातशेतात येऊन अंडी घालतात. त्यांची दोऱ्यासारखी बारीक पिल्लं मास्तरांनी फडक्यात गाळून आणली. औषधात ठेवलं की पिल्लू आरपार दिसतं आणि रंगात बुडवलं की हाड तेवढं लाल होतं, असं त्यांनी वाचलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ लवू मुंबईच्या गिरणीत रंगखात्यात होता; रंग त्यानं पाठवला.

पिल्लं आरपार दिसू लागली. लाल मात्र काहीच दिसेना. दुसऱ्या वर्षीही तेच. मास्तरांनी लवूच्या रंगाला नावं ठेवली आणि आळीत त्यांचं हसं झालं.

मग एकदा त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या बाटलीतल्या माशांना वासच येत नाही. त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या सावित्रीवहिनींना विचारलं. वहिनी सहज म्हणाल्या, की वास जावा म्हणून बाटलीत भरण्याआधी मीच पिल्लांना आगळ लावून ठेवते, कालवणाच्या माशांना लावतात तसंच. कोकमाच्या त्या आंबट रसानं कोवळी हाडं केव्हाच खाऊन टाकली होती. वहिनी रडल्या. मास्तर चिडले नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं. तिसऱ्या पावसाळ्यात पिल्लं गाळायला वहिनी स्वतः शेतात उतरल्या.

या वेळी लाल दिसलं. जबड्यात एक कोर, कल्ल्यामागे एक काडी. पाठ मात्र कोरी. मास्तरांनी अजूनही उभी न राहणाऱ्या गंगेला कडेवर घेतलं आणि तिच्या डोळ्यापुढे भिंग धरलं.

"ह्याच्या पाठीत हाड नाय?" तिनं विचारलं.

"अजून आलेलं नाही. आधी तोंडाचं येतं, पाठीचं मागाहून."

"मग ह्यो पवायचा कसा?"

"पोहत होता गो. तुझ्या आईनं पोहतानाच धरलाय ह्याला."

गंगा बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला खाली ठेवा."

वहिनी घाबरून पुढे झाल्या. मास्तरांनी त्यांना हातानं थांबवलं आणि गंगेला खाली ठेवलं. बसवलं नाही, पायांवर उभं केलं.