शेलूबाजारला मी लावलेलं कुलूप

वेळ सकाळी सव्वादहाची. वार बाजाराचा. स्थळ शेलूबाजार, भाजी बाजारामागची मोकळी जागा. हजर होते पंचवीस-तीस कार्यकर्ते, भोंगा लावलेली एक जीप, एक मोठा घण आणि मी. कार्यकर्ते कुलूप तोडायला आले होते. ते कुलूप कुठं आहे हे दाखवायला मला बोलावलं होतं.

हसू नका. आधी पूर्ण ऐका, मग काय हसायचं ते हसा. नाहीतरी सगळा तालुका हसून झालाय.

मी मंगरुळपीरहून एका जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवतो. त्यातच केस पांढरे झाले. माझ्या बातमीवर लोक चिडले, भांडले, एकाने तर माझी सायकल उचलून नाल्यात टाकली. पण बातमी खोटी आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. तो मान मी स्वतःसाठीच राखून ठेवला होता म्हणायचा.

झालं काय, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायला मी नागपूरला मुलाकडे गेलो आणि चार महिने तिकडंच राहिलो. परत आलो तेव्हा जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. भिंतीचा पिवळा रंग एवढा पिवळा असतो? पारिजातकाच्या देठाकडे मी अर्धा अर्धा तास पाहत बसायचो. बायको म्हणायची, "डोळेच बदलले ना? का डोक्यालेही हात लावला डॉक्टरनं?"

अशा दिवसांत, एका दुपारी, फोनवर एक चित्र आलं.

आता त्या चित्राचं काय सांगू? उंच, हलकं छप्पर. खाली विटांच्या जाळीच्या भिंती, त्याही कमरेपर्यंतच. जाळीतून ऊन झिरपून ओट्यांवर नक्षी पडलेली. ओट्यांवर मेथी, पालक, वांगी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, आणि जुड्यांवर पाण्याचे थेंब. बाया निवांत बसलेल्या. कोणाचा पदर उन्हासाठी डोक्यावर ओढलेला नाही. मागे शेलूबाजारचाच तो वाकडा कडुनिंब. सावली अशी गार की फोन धरलेला माझा हात गार पडला.

आणि डावीकडच्या बाकावर, पाय लांब करून, पेपर वाचत कोण बसलं होतं? मी.

माझीच पिशवी, माझाच सदरा, माझंच पोट. मी चित्र छातीवर ठेवून पडलो आणि कधी डोळा लागला कळलं नाही. झोपेत मी त्या बाकावर बसलो होतो. वारा येत होता. बाजूला कोणीतरी वांगी निवडत होतं, आणि मला कुठेच जायचं नव्हतं, कोणाशी भांडायचं नव्हतं. जाग आली तेव्हा पाठीला बाकाची फळी रुतल्यासारखी वाटत होती. म्हणजे मी तिथं बसलेलो होतो. केव्हा ते आठवत नव्हतं, पण मधे चार महिने नागपुरात गेले होते ना.

चित्र पाठवलं होतं प्रांजलीनं. शेलूबाजारला वच्छलाबाई भाजी विकते, तिची ही मुलगी. अमरावतीला इमारतींचं शिक्षण घेऊन आली आणि घरी संगणकावर काम करते. चित्राखाली तिनं लांबलचक मजकूर लिहिला होता. पण बातमीदार माणूस दुसऱ्याचा मजकूर शेवटपर्यंत कधी वाचतो? "काका, तुम्ही पण आहात यात" एवढं वाचलं आणि मी समजून चुकलो की पोरीनं मला बातमी पुरवली आहे.

विचार करा. एवढा देखणा बाजार उभा राहिला आणि उद्घाटनाची पत्रिका मला आली नाही. म्हणजे उद्घाटन झालंच नाही. आपल्याकडे फीत कापल्याशिवाय कोणती इमारत उघडते? त्याअर्थी ती कुलूपबंद आहे. चित्रात बाया बसलेल्या होत्या, पण ते फोटोपुरतं उघडलं असणार.

मी खातरजमा केली नाही असं समजू नका. ओळखीच्या एका अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, "आपल्याले काही माहीत नाही बावा." झालं. इतक्या वर्षांच्या अनुभवानं सांगतो, जे माहीत नाही असं अभियंता म्हणतो, तिथंच पाणी मुरतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, चित्रासकट: 'शेलूबाजारचा सुसज्ज भाजी बाजार उद्घाटनाअभावी धूळ खात'. चित्रात धुळीचा कण नव्हता. धूळ मी माझ्याकडून घातली. कुलूपही मीच लावलं, 'भले मोठे' असं लिहून. आणि शेवटी एक ओळ: 'प्रस्तुत प्रतिनिधीने स्वतः तेथील बाकावर बसून खात्री केली आहे.'

दुपारपर्यंत दोन पुढाऱ्यांचे फोन आले. तो बाजार आपणच मंजूर करून आणला असं दोघांचंही म्हणणं होतं. संध्याकाळी बबनरावांनी कुलूप तोडण्याचं आंदोलन जाहीर केलं. बबनराव म्हणजे आमच्या भागातले कायमचे आंदोलक. अशा रीतीनं मी त्या सव्वादहाच्या ठिकाणी पोचलो.

"भाऊ, कुलूप दाखवा," बबनराव म्हणाले.

"हा कडुनिंब दिसते ना? त्याच्या डाव्या हाताले."

"डाव्या हाताले म्हैस बांधेल हाये."

होती. मी नव्या डोळ्यांनी नीट पाहिलं. म्हैस होती, तिचा खुंटा होता, उकिरडा होता, आणि ऊन. बाजार नव्हता. मी कडुनिंबाला वळसा घालून पलीकडून पाहिलं. पलीकडूनही नव्हता. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला राग आला तो बाजार पाडणाऱ्याचा. एका आठवड्यात उभी इमारत पाडतात म्हणजे काय?

तोवर भाजीवाल्या बाया दुकानं सोडून भोवती जमल्या होत्या. वच्छलाबाई पुढं आली.

"भाऊ, एक इचारू?"

"विचारा ना बाई."

"बाजाराले कुलूप होतं मनता. मंग तुमी आत बसले कसे?"

मी आयुष्यभर लोकांना असे प्रश्न विचारले. उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आली, तर मी पिशवीत हात घालून पेन शोधू लागलो.

"म्हशीवर बसले असतीन," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

एवढ्यात प्रांजली स्कूटीवरून आली. हातात पेपर. तिनं मला बाजूला घेतलं, आणि तो लांबलचक मजकूर मला तोंडी ऐकावा लागला. इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल, याचं हुबेहूब चित्र संगणकावर काढतात. ती तेच काम करते. त्या चित्रांची परदेशात स्पर्धा असते. न बांधलेल्या इमारतींच्या गटात तिनं हे चित्र पाठवलं होतं. माणसं मात्र खरी घेतली होती, गावातलीच. मागच्या वर्षी चहाच्या दुकानात तिनं माझा फोटो काढला होता, तो कापून बाकावर बसवला होता.

"मग कुलूप?" मी विचारलं. अजून माझी आशा सुटली नव्हती.

"काका, त्याले दारच नाही. चारही बाजू मोकळ्या सोडल्या मी. वारा यावा म्हणून."

बबनराव घणाकडे पाहत होते. "मंग आमी हे कायले आणलं?" ते म्हणाले. पण माणूस मुरलेला. जीपवर चढून त्यांनी 'बाजार झालाच पाहिजे' अशी घोषणा सुरू केली आणि अर्ध्या तासात सगळे उसाच्या रसाला गेले.

इथं संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. पण चौथ्या दिवशी प्रांजली घरी आली. चेहरा उतरलेला. स्पर्धावाल्यांचं पत्र आलं होतं. चित्र आधी कुठं छापलंय का, हे ते तपासतात. त्यांना माझी बातमी सापडली होती. इमारत बांधून तयार असल्याचं एका वृत्तपत्रानं छापलं आहे आणि वार्ताहर तिथं बसूनही आला आहे, असं असताना हे चित्र न बांधलेल्या गटात कसं? इमारत अस्तित्वात नाही याचा पुरावा सात दिवसांत द्या, नाहीतर चित्र बाद.

"काका, पुण्याच्या बिल्डरांसाठी मी शेकड्यानं चित्रं काढली," ती म्हणाली. "खाली नाव त्यांच्या कंपनीचं. हे पहिलं आहे, ज्याच्या खाली माझं नाव लागणार होतं."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या पिशवीकडे पाहत होती. तीच पिशवी तिनं एवढ्या मायेनं त्या बाकावर ठेवली होती.

मी संपादकांना फोन केला. खुलासा छापायचाय म्हटल्यावर ते म्हणाले, "कोणाचा?" माझाच, म्हटल्यावर त्यांनी मला माझं नाव पुन्हा एकदा सांगायला लावलं. खुलासा छापून आला, आतल्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींशेजारी. तो प्रांजलीनं पाठवला. उत्तर आलं: ज्यानं इमारत पाहिली, तोच आता पाहिली नाही म्हणतो. सरकारी कागद द्या, किंवा दुसरा काही ठोस पुरावा, त्यासाठी आणखी सात दिवस.

मग मी एका कार्यालयात गेलो. कोणत्या, ते लिहीत नाही.

"शेलूबाजारला भाजी बाजाराची इमारत नाही, असा दाखला पाहिजे," मी बाबूंना म्हटलं.

"जे हाये त्याचा दाखला भेटते. नाही त्याचा कसा देऊ?"

"मग नोंद नाही असं लिहून द्या."

"कोणत्या रजिस्टरात पाहून लिहू? नसलेल्याचं रजिस्टर आमी ठेवत नाही."

मी टेबलावर हात आपटला. मला तेवढं येतं. म्हटलं, "प्रत्यक्ष जागेवर जा, पाहणी करा आणि काय दिसते ते लेखी द्या. सहा दिवसांत." रीतसर अर्ज केला, सोबत माझ्याच बातमीचं कात्रण जोडलं, पोच घेतली आणि छाती पुढं काढून बाहेर आलो.

सहाव्या दिवशी पाकीट आलं. मी ते तसंच घेऊन शेलूबाजार गाठलं. वच्छलाबाईच्या दुकानापुढं, सगळ्या बायांच्या देखत प्रांजलीनं ते उघडलं आणि मोठ्यानं वाचलं: 'सदर इमारतीची प्रत्यक्ष पाहणी केली असता ती सुस्थितीत आढळून आली. धूळ झाडून घेण्यात आली आहे.'

कोणी हसलं नाही. वच्छलाबाईनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि मला विचारलं, "आता हे पाठवलं तं?"

"पाठवलं तर मी बाद," प्रांजली म्हणाली.

तिनं कागदाची घडी करून माझ्या हातात दिली, मला दंडाला धरलं आणि कडुनिंबापाशी नेलं. "काका, इथं बसा. पाय लांब करा. पेपर धरा." मी एका पालथ्या क्रेटवर बसलो. आईला तिनं चित्रातल्या जागी बसवलं, पुढ्यात मेथीच्या जुड्या. म्हैस होती तिथंच राहू दिली. मग चित्रातल्याच कोनातून फोटो काढला. तीच माणसं, तोच कडुनिंब, वर नुसतं आभाळ.

फोटो चांगला येईना म्हणून बराच वेळ बसून राहावं लागलं. ऊन डोक्यावर होतं. मी डोळे मिटले. आणि काय सांगू, क्षणभर छप्पर आलं. जाळीतून वारा आला. शेजारी वच्छलाबाई मेथी निवडत होती. तिला म्हटलं, "गार वाटते ना बाई?"

"भाऊ, टोपी घाला," ती म्हणाली.

फोटो पोचला. चित्र गटात राहिलं, शेवटच्या यादीतही आलं. बक्षीस कुठल्याशा बर्फातल्या वाचनालयाच्या चित्राला मिळालं. पण यादीत प्रांजलीचं चित्र आहे आणि त्याखाली तिचं पूर्ण नाव आहे, गावासकट. वच्छलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाईकाला ते फोनवर दाखवते आणि मगच भाजी तोलते.

सरकारी कागद माझ्याकडेच राहिला. मी तो परवा निवांत, शेवटपर्यंत वाचला. संदर्भ म्हणून वर माझ्या बातमीचा उल्लेख आहे. पाहणी करणाऱ्याचं नाव नाही, सही वाचता येत नाही. आणि तळाशी, दुसऱ्या मुद्द्यात, लिहिलंय: 'इमारतीची चावी कार्यालयात जमा आहे.'

मी तडक कार्यालयात गेलो. भांडायच्या तयारीनं. बाबू जागेवरून उठले. त्यांनी कपाट उघडलं. आत खिळ्याला एक पितळी चावी टांगलेली होती. तिला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, वर निळ्या शाईत 'भाजी बाजार'.

"लावून पाहता?" बाबूंनी विचारलं.

काय सांगू तुम्हाला, मी हात पुढं केला. चावी घेतली, सही केली, शेलूबाजारच्या जीपमध्ये बसलो आणि अर्ध्या वाटेत मला आठवलं की तिथं म्हैस आहे.

चावी परत करून आता दोन महिने झाले. ती कोणत्या कुलपाची आहे, असं मी लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.