अक्का फ्लॅट बघायला निघाली

जाहिरात माझ्या मोबाइलवर आली होती. जुन्या धुळ्यात, अगदी पांझरेच्या काठावर, पूर्ण नवा करून काढलेला आलिशान फ्लॅट विकायचा होता. फोटोत संगमरवरी फरशी, माणूस आडवा झोपेल एवढा टब आणि नदीकडे उघडणारी गॅलरी. मी हसत हसत ते फोटो अक्काला दाखवले. तिने चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाशी नेला आणि म्हणाली, "उद्या जाऊत."

अक्का माझी थोरली बहीण. शिंदखेड्याला मुलींच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिने भाड्याच्या खोल्या सोडल्या, तिथला आपला प्लॉटही विकून टाकला आणि 'थोडे दिवस' म्हणून माझ्याकडे जळगावला आली. आमचे दोन्ही भाचे तिला आपापल्या घरी न्यायला टपलेले. ती दोघांनाही हो म्हणायची आणि कुठेच जायची नाही.

मला वाटलं, गंमत म्हणून बघून येऊ. तसंही त्या दिवशी मला काही काम नव्हतं. अक्काने मोरपंखी पैठणी नेसली आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज घातले. "श्रीमंत बायका असंच घालतात," असं तिने मला ठासून सांगितलं. एस.टी.त पारोळ्यापर्यंत आम्ही पोरींसारख्या खिदळत होतो. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं.

इमारत म्हणजे पूर्वीची कापसाची वखार. बाहेरच्या दगडी भिंती तशाच ठेवलेल्या, आत मात्र सगळं चकाचक. तिसऱ्या मजल्यावर टाय लावलेला विक्रीवाला आमची वाट बघत होता. आमच्याआधी एक जोडपं येऊन पोचलं होतं. नशिराबादचे कापडाचे व्यापारी आणि त्यांची बायको. त्यांची मुलगी धुळ्यात दिलेली, तिला नुकतंच बाळ झालेलं, म्हणून इथे घर हवं होतं. अक्काने दोन मिनिटांत त्यांना भाऊ आणि भाभी करून टाकलं.

आम्ही घरभर फिरलो. पाय ठेवला की दिवे आपोआप लागत. अक्का मुद्दाम आत-बाहेर, आत-बाहेर करून बघत होती. भाभींनी बुरख्याचा घोळ सावरत टबात बसून पाहिलं आणि त्यांना उठताच येईना. मी एक हात ओढला, अक्काने दुसरा, आणि हसून हसून तिघींच्याही अंगातलं बळ गेलं. भाऊ दारात उभे राहून म्हणाले, "राहू दे तिला तिथेच, घर टबासकट घेतो."

विक्रीवाल्याने आम्हाला गॅलरीत नेऊन उभं केलं. तेवढ्यात खालून कुणीतरी त्याची गाडी काढायला हाक मारली. तो घाईने गेला आणि त्याच्यामागे काचेचं सरकतं दार अलगद बंद झालं. टक्, असा आवाज आला. भाऊंनी ढकलून पाहिलं. दार जागचं हललं नाही. आमच्या पर्स, मोबाइल, सगळं आत सोफ्यावर. काचेतून दिसत होतं.

"आता?" भाभी म्हणाल्या.

"आता नदी बघा," अक्का म्हणाली.

खरंच, नदी बघण्यासारखी होती. धरणातून पाणी सोडलेलं, पांझरा दोन्ही काठ धरून वाहत होती. पलीकडे एक जण म्हशी धूत होता. अक्काने शाळेच्या मैदानावरचा आपला आवाज काढून त्याला हाक मारली. त्याने प्रेमाने हात हलवला आणि पुन्हा म्हशीकडे वळला. आम्ही चौघांनी मिळून ओरडून पाहिलं, तर त्याने दोन्ही हात हलवले.

मग खालच्या रस्त्यावर लसणाची गाडी आली, भोंगा लावलेली. अक्का कठड्यावरून वाकली. "ओ भाऊ! आम्ही अडकलोय! जरा भोंग्यावरून सांगा!"

त्याने रेकॉर्ड बंद केलं, माइक तोंडाशी धरला आणि आपल्या त्याच विक्रीच्या चालीत सुरू झाला, "तिसऱ्या माळ्यावर चार माणसं अडकली होऽऽ, लवकर या, लवकर सोडवा होऽऽ!" दुकानांतून माणसं बाहेर आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भाभी खाली मटकन बसल्या, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हसू थांबत नाहीये. त्यांनी बुरख्याच्या खिशातून खारे शेंगदाणे काढले. विक्रीवाला धापा टाकत वर आला, तेव्हा आम्ही चौघे मांडी घालून शेंगदाणे खात होतो. तो बिचारा माफी मागता मागता लाल झाला.

अक्का उठली, साडी झटकली आणि आमच्या घरच्या बोलीत मला म्हणाली, "हाई घर मी लिसू."

"घेतेस कसली अक्का, गंमत पुरे."

"गंमत तुनी व्हती. माले घर लेवानं शे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती थट्टा करत नव्हती. तिचे गाल तापल्यासारखे दिसत होते. जन्मभर ती दुसऱ्यांच्या खोल्यांत राहिली, हे मला माहीत होतं. पण तिला घर हवं असेल, तेही असं, टबवालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

भाऊ-भाभींनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनाही हेच घर आवडलं होतं. मग विक्रीवाला खाकरला. "खाली सेम फ्लॅट आहे. फक्त किचनचं काम बाकी आहे."

भाभी लगेच म्हणाल्या, "वरून पाहिलं की मला गरगरतं. मला खालचाच बरा. किचन पण माझ्या मनासारखं करून घेईन."

भाऊंनी कपाळाला हात लावला. "आत्ता तर वरचाच पाहिजे म्हणत होतीस!"

"तेव्हा अक्का कुठे होत्या?"

अक्काच्या प्लॉटचे पैसे कामी आले आणि दिवाळीच्या आधी दोन्ही घरं लावून झाली. वास्तुशांतीला दोन्ही भाचे तोंड पाडून आले. धाकटा म्हणाला, "अक्का, एकटी राहशील, कुणी बघायला नको का?" जेवणाची पंगत वाढत असलेल्या भाभी तिथूनच म्हणाल्या, "मी खाली काय पंखे मोजत बसणार आहे?"

मी दोन दिवसांसाठी गेले होते, आठ दिवस राहिले. सकाळी अक्का आणि भाभी नदीकाठाने चालायला जात. अक्का पुढे, हात जोरजोरात हलवत. भाभी मागे, नातवाची गाडी ढकलत ओरडायच्या, "जरा हळू, आम्ही काही तुमच्या शाळेतल्या पोरी नाही!" अक्का थांबायची आणि त्या जवळ आल्या की पुन्हा सुसाट सुटायची.