हुतात्मा केरबा, हजर

केरबा माने अजून जिवंत होते, हीच गावाची मोठी अडचण. शाळेपुढच्या हुतात्मा स्तंभावर पाचांतलं तिसरं नाव त्यांचं होतं.

बेचाळीस साली विद्यार्थ्यांच्या मोर्चावर लष्करानं गोळ्या झाडल्या, तेव्हा केरबांचा सदरा त्यांचा दोस्त यल्लाप्पाच्या अंगात होता. त्याचा स्वतःचा फाटका, म्हणून केरबांनीच दिलेला. खिशावर आईनं रेशमानं नाव भरलेलं. सैनिकांनी प्रेतं परस्पर जाळली आणि सदऱ्यावरचं नाव कागदावर चढवलं. वडिलांनी केरबाला नृसिंहवाडीला मावशीकडं दडवलं आणि तोंड मिटून घेतलं. मेलेल्या पोराला कोण पकडायला येतंय? पुढं त्याच कागदावरून स्तंभ उभा राहिला. यल्लाप्पा भिऊन पळाला, असं गाव म्हणत राहिलं आणि त्याची बहीण तानूबाई ते जन्मभर ऐकत राहिली.

वडील गेल्यावर केरबांनी स्तंभावरचं नाव बदला म्हणून अर्जांचा सपाटा लावला. उपयोग शून्य! सत्त्याण्णव साली स्तंभाला संगमरवर लागणार कळल्यावर म्हातारा पुन्हा स्तंभाच्या समितीवर धडकला. अध्यक्ष उदयसिंह सुपारी कातरत म्हणाले, "काका, हयातीचा दाखला आणा."

"आरं, म्या म्होरं हुबा हाय की!"

"तसं न्हवं. कागद पायजे."

कागद आणला, तर म्हणे यादी बंद झाली. संगमरवर लागला, नाव तेच, फक्त आता सोनेरी. वर हुतात्म्याचे नातेवाईक म्हणून नारळ फोडायचं आमंत्रण! केरबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी ते गेले. दरसालच्या रिवाजाप्रमाणे हेडमास्तर एकेक नाव पुकारत होते आणि अख्खी शाळा 'हजर' म्हणत होती.

"केरबा माने!"

"थांबा!" केरबा उठले. "केरबा ह्यो हितं हाय. मोर्चातनं पळाला त्यो म्या. पडला त्यो यल्लाप्पा. त्येचं नाव पुकारा."

इतक्या अर्जांत आपण पळालो, हे एक वाक्य त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. उदयसिंहांनी लाऊडस्पीकर बंद करायची खूण केली. हेडमास्तर यादीकडं बघत पुटपुटले, "हे नाव न्हाय हो ह्यात."

मग केरबांनीच बेंबीच्या देठापासून हाक दिली, "यल्लाप्पा कांबळे!"

पोरं मास्तरांच्या तोंडाकडं बघू लागली. फाटकाशी बसलेली तानूबाई गुडघ्यावर हात टेकत उठली, डोईवरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "हजर."