दुपारी वाजणारं चाक

जेवताना कुठं काही करकरलं की माझा घास हातातच थांबतो. शेजाऱ्यांचं दार असो, रस्त्यावरची बंडी असो, मी कान देतो, अर्धा उठतो, पुन्हा बसतो. अमरावतीच्या आमच्या घरात याची इतकी सवय झालीय की बायको वाढता वाढता म्हणते, "जेवा तुमी. पाखरूच असन." मुलं हसतात. मग त्यांना ही गोष्ट पुन्हा सांगावी लागते, आणि दर वेळी मी तिच्यात थोडा अधिक शहाणा होत जातो. आज लिहायलाच बसलोय, तर होतो तितकाच ठेवतो.

अकोटच्या अलीकडे आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी आणि कडेनं झेंडू. विहीर एक, मालक दोन: माझे बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा. विहिरीवर समोरासमोर दोन चाकं, एक आमच्या मोटेचं, एक त्यांच्या. एक दिवस आमची पाळी, एक दिवस त्यांची. दुपारी मोट सुटली, बैल सावलीला गेले, की विहिरीला कोणी हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात खाली जे पाणी झिरपून साचेल ते ज्याची पाळी त्याचं. उन्हाळ्यात आमचे निम्मे वाफे त्या दुपारच्या पाण्यावर जगायचे.

चाकांना तेल घालायची आमच्याकडे रीत नव्हती. चाक कण्हलं पाहिजे. त्यावरून लांब वाफ्यात पाणी वळवणाऱ्या बाईला कळतं की मोट वर आली, आणि घरच्यांना कळतं की मोट हाकणारा झोपलेला नाही. प्रत्येक मळ्याच्या चाकाचा गळा वेगळा. बाबा ओट्यावर बसल्या बसल्या सांगायचे, हे अमक्याचं, हे तमक्याचं. त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

त्या चैत्रात मी मॅट्रिकला आपटून अमरावतीहून परत आलो होतो. हाताशी वेळ भरपूर, अब्रू बेताची. एका दुपारी, पाळी आमची, बैल सुटलेले, आम्ही जेवत होतो, आणि केळींच्या पलीकडून, विहिरीकडून, आवाज आला. आधी भरभर उतरणारी करकर, मग थांबत थांबत चढणारं कण्हणं. मोट खाली गेली, भरली, वर आली.

बाबांचा घास थांबला. "हे दादाचं चाक," ते म्हणाले.

ते अनवाणीच धावले. कोणी नव्हतं. परत आले, ताटावर बसले, पण जेवले नाहीत. पुढच्या पाळीला पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्यालाही. बाबांना मग बसवेना. भाकरी मोडायचे आणि दाराशी जायचे, पाणी प्यायला उठायचे आणि तांब्या हातात घेऊन कुंपणाशी उभे राहायचे. बोलायचे मात्र नाहीत. मायला त्या न बोलण्याचीच धास्ती होती. शेजारच्या गावात दोन भाऊ अशाच विहिरीपायी अकोल्याच्या कोर्टात गेले होते. दावा चालू होता आणि विहिरीत गवत उगवलं होतं. शेवटी बाबांनी सांगून टाकलं की बाजाराच्या दिवशी चार लोकांत दादाले विचारतो. माय एवढंच म्हणाली, "एकडाव विचारलं की विहीर वाटल्या जाईन. मंग घर."

हे ऐकून मी म्हणालो की ते पाखरू आहे.

मला काही माहीत नव्हतं. घरात शांतता हवी होती आणि दुसरं काही सुचलं नाही. कोणतं पाखरू, बाबांनी विचारलं. मी तांबट म्हणालो. तांबट टुकटुक करते, मोट ओढत नाही, ते म्हणाले. मग मी सुतार म्हणालो. अमरावतीत हेच शिकवतात काय, असं त्यांनी मायला विचारलं, मला नाही.

बाजाराच्या आदल्या दुपारी आवाज सुरू झाला तसा मी बाबांना जवळजवळ ओढतच नेलं, पाखरू दाखवायला. केळींतून बाहेर पडलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज पाळी आमची नाही. मोठेबाबांची आहे. आणि भर दुपारी त्यांच्या पाण्यावर आम्ही दोघं उभे आहोत.

एरंडीच्या झाडांतून मोठेबाबा उठले. हातात काठी होती.

"ये," ते बाबांना म्हणाले. "तुहीच वाट पाहून राहिलो होतो. लय दिसाचं ऐकून राहिलो तुहं चाक."

"माहं चाक?" बाबा म्हणाले. "दादा, वाजून तं तुमचं राहिलं."

पुढं काय झालं असतं त्याचा विचार मला आजही नको वाटतो. पण दोघांच्या मधोमध दोन्ही चाकं स्तब्ध, मोटांचे नाडे कोरडे, आणि आमच्या डोक्यावर मोट चालू झाली. करकरत उतरली, कण्हत चढली. बाभळीच्या शेंड्यावर चिमणीहून जरासा मोठा पक्षी, पाठ विटकरी, डोळ्यांवरून काळी पट्टी. त्याच्या खालच्या काट्यांना टोळ टोचून ठेवलेले, वाळत घातल्यासारखे.

मोठेबाबांनी काठी टेकली आणि वर पाहिलं. "हा तं खाटीक," ते म्हणाले. "काट्याले शिकार टांगते तो. पण हा नकला करते, हे मले नवीन हाय."

मी म्हणालो की मी पाखरूच म्हणत होतो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. खाटीक नक्कल कोणाच्या चाकाची करतो, यावर त्यांचं जुंपलं होतं. बाबा म्हणत मोठेबाबांच्या, मोठेबाबा म्हणत बाबांच्या.

बाजारात कोणी कोणाला काही विचारलं नाही. पण एकमेकांबद्दल काय वाटलं होतं ते दोघांनाही कळून चुकलं होतं. आपल्या चाकाचं नाव पुन्हा निघू नये म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांनी गुपचूप त्याला तेल घातलं. मोठेबाबांनीही घातलं, तेवढंच गुपचूप. चाकं मुकी झाली, मायला पाणी आल्याचं कळेना, मेथीचे वाफे फुटले, आणि दुपारी खाटीक तेवढा वाजत राहिला. बाबा फडक्यात भाकरी बांधून विहिरीवर जाऊ लागले. पाखरू ऐकायला, असं सांगायचे. समोरच्या अंगाला मोठेबाबाही पाखरू ऐकायला यायचे, पाळी कोणाचीही असो. काही दिवसांनी ठेचा इकडून तिकडे गेला.

पाऊस लागला, विहीर भरली, मोटा सुटल्या. खाटीक कुठं निघून गेला कळलं नाही. पाण्याची राखण करायचं कारणच उरलं नव्हतं. तरी दुपार झाली की बाबा ताटावरून उठायचे. माय विचारायची, आता कावून. ते दाराशी पोचलेले असायचे.

"दादा येऊन बसला असन."