खालचे चार बोल्ट

माझा भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. वडिलांचं निपाणीत दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि मागे एक शेड. शाळेच्या सुट्ट्या आम्ही दोघांनी त्या शेडमध्येच काढल्या. तो गाड्या पळवायला शिकला, मी उघडायला. पुढे वडील गेले, दुकान दुसऱ्याकडे गेलं, मला बेळगावात बँकेत नोकरी लागली. पण भाऊ डर्ट बाईकच्या शर्यतीत उतरायला लागला तेव्हा त्याची गाडी बघायला भरवशाचं कुणीतरी हवं होतं. आठवडाभर काउंटरमागे बसणारी मी रविवारी पाने घेऊन मातीत बसायला लागले.

आईला हे अजिबात मान्य नव्हतं. एकदा त्याचं मनगट मोडलं तेव्हा तिनं त्याच्याकडून शर्यत सोडल्याचं वदवून घेतलं होतं. त्यामुळे त्या रविवारी सदलग्याला मावशीकडे पूजा आहे असं सांगून आम्ही निघालो. गाडी आदल्या दिवशीच टेंपोनं पुढे गेली होती.

शर्यत संकेश्वरच्या अलीकडे होती, ऊस तुटून गेलेल्या एका रानात. जेसीबीनं मातीचे उंचवटे घातलेले, टँकरनं पाणी मारलेलं. सरावाच्या दुसऱ्याच फेरीत भाऊ मोठ्या उंचवट्यावरून उडाला आणि तिरका उतरला. गाडी एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. मी धावत जाईपर्यंत तो उठून उभा होता. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. पण गाडी उचलली तर पुढचं चाक सरळ आणि हँडल मात्र डावीकडे बघत होतं.

"वाकलं काय गं?" त्यानं विचारलं.

"हँडल न्हाय वाकलेलं. शॉकअप पिळलेत."

डर्ट बाईक पडली की बहुतेक वेळा हेच होतं. पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्या वर आणि खाली पट्ट्यांत बोल्टनी आवळलेल्या असतात. जोरात आपटल्यावर त्या पट्ट्यांत फिरतात, आणि चाक एकीकडे, हँडल दुसरीकडे होतं. त्यासाठी नवं काही लागत नाही. चाकाचा आस आणि पट्ट्यांचे बोल्ट ढिले करायचे, पुढ्यात उभं राहून चाक गुडघ्यांत घट्ट धरायचं आणि हँडलला उलट बाजूला हिसका द्यायचा. सरळ झालं की आधी आस आवळायचा, शॉकअप चार-पाच वेळा दाबायचे, मग बोल्ट. वरचे दोन, खालचे चार. खालच्यांवर सगळा भार. ते ढिले राहिले तर उडी मारून उतरताना नळ्या सरकतात, हँडल हातात फिरतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो.

त्याच्या शर्यतीला पंचवीस मिनिटं होती. तो सीटवर बसला, मी चाक गुडघ्यांत धरलं. दुसऱ्या हिसक्याला हँडल जागेवर आलं. लांबून एकदा बघितलं, जवळून एकदा. आस आवळला. शॉकअप दाबले. वरचे दोन बोल्ट झाले. टॉर्क पाना हवा तेवढा ताण आला की कट् असा आवाज देतो. त्या आवाजाशिवाय मी कुठलाही बोल्ट सोडत नाही. खालच्या डाव्या बाजूचे दोन झाले, आणि फोन वाजला. आई.

घेतला नसता तर तिनं मावशीला केला असता. मी फोन खांद्यात धरला.

"झाली का गं पूजा?"

"आत्ता बसलेत," मी म्हणाले. हात चालूच होते.

"आणि तो?"

"हाय की हितंच."

"लई गोंगाट यायलाय."

"माणसं लई हायत, आई."

तेवढ्यात लाउडस्पीकरवर कन्नडमध्ये त्याच्या गटाचा पुकारा झाला. आईला तो ऐकू गेला असेल या भीतीनं मी फोन तोडला. भावानं हेल्मेट चढवलं, किक मारली आणि तो गेला. मी हातातला पाना तसाच धरून दोरीपाशी जाऊन उभी राहिले.

पहिल्या फेरीत तो चौथा होता. मोठ्या उंचवट्यावरून उडाला, नीट उतरला. आणि त्याच वेळी माझं लक्ष हातातल्या पान्याकडे गेलं. खालच्या उजव्या बाजूचे दोन बोल्ट मी आवळले होते का? डाव्या बाजूचा आवाज मला आठवत होता. उजव्या बाजूचा आठवेना. आईचा आवाज आठवत होता, लाउडस्पीकर आठवत होता, त्या दोघांमध्ये माझे हात काय करत होते ते काही केल्या आठवेना. मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा तिथे जात होते. प्रत्येक वेळी डाव्या बाजूपर्यंत यायचे आणि थांबायचे.

दुसऱ्या फेरीत तो तिसरा झाला. उतरताना गाडी किंचित हलली. सगळ्यांच्याच हलत होत्या, पण मला फक्त त्याची दिसत होती.

मी दोरीच्या कडेनं पळत झेंडेवाल्यापाशी गेले. पांढऱ्या मिशांचा, गमछा गुंडाळलेला माणूस होता. मी त्याला भावाच्या गाडीचा नंबर सांगितला आणि थांबवा म्हणाले.

"काय झालंय?"

"पुढचे बोल्ट ढिले असतील."

"असतील म्हंजे? तुम्हीच बसवलात न्हवं, आक्का? खात्री हाय का?"

"खात्री न्हाय. म्हणूनच थांबवा म्हणते."

त्यानं रानाकडे बोट केलं. "तीनच फेऱ्या ऱ्हायल्यात. पोरगं दुसऱ्या नंबरावर आलंय बघा."

खरंच आलं होतं. पुढच्या गाडीच्या अगदी मागे होता तो. गेल्या दोन वर्षांत त्याचा पहिल्या तिघांत नंबर आला नव्हता. तीन फेऱ्या, म्हणजे त्या उंचवट्यावरून तीन उड्या. मी मनात म्हणाले, दोनदा टिकलं, अजून तीनदा टिकेल. आणि लगेच दुसरा विचार आला, की बोल्ट ढिले असले तरी नळ्या पहिल्या उडीला सरकत नाहीत, हळूहळू सरकतात.

"थांबवा," मी म्हणाले. "मी सांगते म्हणून थांबवा."

त्यानं काळा झेंडा आणि नंबराची पाटी दाखवली. भावाला आधी पटलंच नाही. तो तसाच पुढे गेला, उंचवट्यावरून उडाला. तो हवेत असताना मी दोरी एवढी घट्ट धरली की तळहातावर वळ उठले. तो नीट उतरला. पुढच्या वळणावर त्याला झेंडा पुन्हा दिसला आणि तो बाहेर आला.

हेल्मेट न काढताच तो ओरडला, "कुणी सांगितलं?"

"मी."

मी खाली बसले आणि खालच्या पट्टीच्या बोल्टांना पाना लावला. डावा वरचा, कट्. डावा खालचा, कट्. उजव्या बाजूला हात नेताना, एक तरी ढिला निघावा असं मला वाटलं. सख्ख्या भावाच्या गाडीचा बोल्ट ढिला निघावा असं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उजवा वरचा, कट्. उजवा खालचा, कट्. एकही बोल्ट कणभरसुद्धा फिरला नाही.

भावानं हेल्मेट काढलं. "घट्टच हुते की गं," तो हळू म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

परतताना तो टेंपोत मागे गाडीशेजारी बसला, मी पुढे ड्रायव्हरजवळ. घरी आईनं त्याचं कोपर बघितलं, आणि आमच्याच्यानं पुढे खोटं बोलवेना. तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावेल असं वाटलं होतं. तिनं फक्त मला विचारलं, "तू थांबवलीस?" मी हो म्हणाले. ती उठून हळद आणायला आत गेली.

त्यानंतरच्या दोन शर्यतींना त्यानं दुसरा मेकॅनिक नेला. मी रविवारी बेळगावातच राहायचे, कपडे धुवायचे, आणि दुपारी सारखी घड्याळाकडे बघायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी तो टेंपो घेऊन थेट माझ्या खोलीवर आला. मागे गाडी, पुन्हा तशीच हँडल फिरलेली.

"त्या मेकॅनिकनं सरळ केलंतं, परत फिरलं," तो म्हणाला. "त्यो बोल्ट लावताना गाणं ऐकत बसतो. मला गाडीवर बसल्यावर भ्या वाटतं."

मी आत जाऊन पाने काढले. तो सीटवर बसला, मी चाक गुडघ्यांत धरलं. काम संपल्यावर मी कपाटातली पांढरी नेलपॉलिश आणली आणि खालच्या चारही बोल्टांवरून पट्टीपर्यंत एकेक रेघ ओढायला लागले. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आता आठवणीवर विसंबायला नको. तो वाकून बघत होता. चौथी रेघ ओढायच्या आधी त्यानं माझ्या हातातली बाटली घेतली आणि ती स्वतः ओढली. जरा वाकडी आली, पण मी ती पुसली नाही.